आधी तुमची झडती

माझ्या पप्पांना हात वर करायची सवय होती. शिंप्याने गळ्यातली टेप काढायच्या आत यांचे दोन्ही हात आडवे पसरलेले असायचे. दवाखान्यात डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले तरी तेच. एका लग्नात दारातल्या मुलीने अत्तर लावायला हात पुढे केला, तर हे तिच्यासमोर हात पसरून उभे राहिले आणि मागची सगळी रांग हसली. पप्पाही हसले. त्यांना या सवयीची लाज कधीच वाटली नाही.

ते नाशिक रोडला प्रेसमध्ये नोकरीला होते. नोटा छापतात तिथून सुटताना प्रत्येकाची अंगझडती होते, तशी त्यांचीही रोज व्हायची. आमच्या कॉलनीत निम्मी घरं प्रेसचीच होती, त्यामुळे झडती हा शब्द आमच्याकडे आंघोळीइतकाच साधा होता. बाहेरच्या पाहुण्यांना वाईट वाटायचं. "रोज चोरासारखं तपासतात?" असं कुणी विचारलं की पप्पा म्हणायचे, "चोरासारखं नाही हो. आपण चोर नाही याची रोज खात्री करून देतात. तुमची कोण करून देतं?"

मी एकुलती एक. लहानपणी ते कामावरून आले की दारातच थांबायचे, हात पसरायचे आणि म्हणायचे, "घ्या झडती." मग मी खिसे, डबा, मोजे सगळं धुंडाळायची. कुठेतरी लिमलेटची गोळी असायचीच. पण एक नियम होता. मी हात लावायच्या आधी माझे खिसे उलटे करून दाखवायचे. "झडती घेणाऱ्याचे खिसे आधी बघायचे," ते सांगायचे, "नाहीतर तोच काहीतरी टाकेल आणि म्हणेल सापडलं." मी कॉलेजला गेले तरी हा खेळ अधूनमधून चालायचा. आई म्हणायची, "घोडी झाली तरी गोळी शोधते."

आई सुरगाण्याकडची. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, सुरगाणा ते नाशिक जीप चालवायचा. जीपमध्ये माणसं किती बसवायची याला त्याच्याकडे मर्यादा नव्हती. शेवटचा माणूस टपावर बसला की तो म्हणायचा, "अजून दोन बसतील." शेवटची फेरी करून परत जायला उशीर झाला की आमच्याकडे मुक्काम करायचा. येताना कधी तांदूळ, कधी करवंदं, आणि दिवाळीनंतर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं. ते पोतं तो स्वतः माळ्यावर चढवायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. आईला नागलीच्या भाकरीवाचून करमायचं नाही आणि मामाला आईवाचून. आई लहान असतानाच त्यांची आई गेली होती, या भावाला तिनेच कडेवर वाढवलं होतं. त्याच्या जीपची सीट फाटली तेव्हा आईने आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून दिली. कडेला लाल पट्टी आणि तिचा तो तिरपा टाका. तशी गोधडी अख्ख्या कॉलनीत कुणाकडे नव्हती.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. पप्पांना दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी ते घरी होते. बनियनवर, अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालत होते. दारात सरकारी जीप थांबली आणि वन खात्याची माणसं उतरली. एक तरुण रेंजर साहेब, दोन वनरक्षक आणि एक खाकी साडीतली बाई. साहेबांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "काका, आम्हाला झडती घ्यायची आहे."

पप्पांनी हातातली झारी खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरले.

साहेब गोंधळले. "तुमची नाही, काका. घराची."

मला हसू आवरेना. आज त्या दिवसाचं सगळं आठवतं आणि सगळ्यात आधी हे हसू आठवतं, कारण त्यानंतर आमच्या घरात बरेच दिवस कुणी हसलं नाही.

साहेबांनी नीट सांगितलं. बिबट्याचं कातडं विकायला नाशिकला आलंय अशी खबर होती आणि ते या घरात असल्याचं कळलं होतं. "आम्हाला कायद्याने अधिकार आहे," ते म्हणाले, "पण तुमचं घर साधं आहे. तुम्ही राजीखुशीने आत घेतलंत तर बरं. हरकत असेल तर तसं सांगा. मी वरिष्ठांशी बोलेन, तोवर बाहेरच थांबेन."

आता हे असं बोलणारे साहेब फार नसतात, हे मला पुढे कळलं. पप्पांना मात्र त्यात नवल वाटलं नाही. ते म्हणाले, "माझी हरकत नाही. पण घर एकट्या माझं नाही. हिलाही विचारा."

आई दारात आली होती, हाताला पीठ. साहेबांनी तिला पुन्हा सगळं सांगितलं, "ताई" म्हणून. आई ऐकून घेत होती आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क तोरा होता. बिबट्याचं कातडं, आमच्या घरात! तिने शेजारच्या खिडक्यांकडे एकदा बघून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघा की. खुशाल बघा. आमच्याकडे झाकण्यासारखं काही नाही. मी चहा टाकते."

"एक मिनिट," पप्पा म्हणाले. "आधी तुमची झडती."

एक वनरक्षक फणकारला, "आमची? आम्ही काय चोर आहोत का?" पण साहेब हसले आणि स्वतःचे खिसे उलटे करू लागले. "बरोबर आहे काकांचं. असंच करायचं असतं. घ्या."

झडतीला पंच म्हणून शेजारचे दोन काका बोलावले होते, म्हणजे झालं ते डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार. दोघेही प्रेसचे. ते दारात आले आणि आत पाऊल टाकण्याआधी दोघांनीही आपोआप हात पसरले. मग सगळ्यांची झडती रीतसर झाली. पप्पांनी ती अशी घेतली की बघत राहावं. कुठे धसमुसळेपणा नाही, कुठे नजर रोखणं नाही. साहेबांच्या खिशात कंगवा आणि शिट्टी. फणकारलेल्या वनरक्षकाच्या खिशात शेंगदाणे निघाले, ते पप्पांनी एकही सांडू न देता परत ठेवले. बाईंची झडती आईने घेतली. पिशवीत पोळीभाजीचा डबा होता. आई म्हणाली, "गार झाली असेल, गरम करून देते."

मग ते आत आले. कपाटं, दिवाण, स्वयंपाकघर, सगळं बघितलं. वस्तू काढायचे आणि होत्या तशा ठेवायचे. शेवटी शेंगदाणेवाला माळ्यावर चढला आणि नागलीचं पोतं खाली दिलं. साहेबांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पोत्यात घातला. हात थांबला. दाण्यांतून त्यांनी काहीतरी ओढून काढलं, आणि आधी दिसली ती लाल पट्टी.

आईने तो तिरपा टाका ओळखला. गोधडी उलगडायच्या आधीच तिने ओळखलं. ती खाली बसली नाही, ओरडली नाही, नुसती भिंतीला टेकली. गोधडी सोडल्यावर आत पिवळं, काळ्या ठिपक्यांचं कातडं होतं, घडी घालून ठेवलेलं. शेपटीसकट. डोक्याच्या जागी कान होते, लहानसे, मांजराच्या कानांसारखे. मला त्या कानांकडे बघवेना. स्वयंपाकघरात चहा उतू गेला आणि कुणीही गॅस बंद करायला उठलं नाही. शेवटी खाकी साडीतल्या बाई उठल्या.

नागलीचं पोतं कोण आणतं हे अख्ख्या कॉलनीला माहीत होतं. मामा त्याच दिवशी जीपच्या स्टँडवर सापडला. पप्पांचा जबाब झाला, आईचाही. घर आमचं, त्यामुळे संशय आमच्यावरही होताच. पण मामाने पहिल्याच झटक्यात सांगून टाकलं होतं की दाजींना आणि ताईला यातलं काही माहीत नाही, गिऱ्हाईक येईपर्यंत त्याने ठेवलं होतं. एवढं इमान त्याने राखलं. नंतर वकील मिळाल्यावर तेही बोलणं फिरलं, ती गोष्ट वेगळी.

मामा जामिनावर सुटला आणि खटला रेंगाळला. ती वर्षं वाईट होती. आई पप्पांशी कामापुरतं बोलायची. "मला कशाला विचारलंत?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "तुम्ही एकट्याने हो म्हणाला असतात तर मी तुमच्या नावाने खडे फोडले असते. आता कुणाच्या नावाने फोडू? माझ्या तोंडानेच बोलावलं मी त्यांना. चहा टाकते म्हणाले!"

पप्पा म्हणायचे, "तुझं घर आहे. तुला न विचारता कसं?"

यावर ती आणखी चिडायची. मला तेव्हा दोघांचंही पटायचं, आणि ते फार त्रासाचं होतं.

साक्षीची तारीख जवळ आली तसा मामाचा वकील घरी आला. बोलायला गोड माणूस. त्याने सोपं करून सांगितलं. "कातडं आधीच गाडीत आणलं होतं, आत शिरून पोत्यात टाकलं, असं आपण म्हणणार. पण तुम्ही दोघं म्हणालात की यांना तपासून राजीखुशीने आत घेतलं, तर माझ्या हातात काय उरतं? तुम्ही एवढंच म्हणायचं, दमदाटी करून घुसले. ताई, तुम्ही म्हणायचं, मी नको नको म्हणत होते. बास. भाऊ सुटला." मग पप्पांकडे वळून म्हणाला, "आणि तुम्हीही जपा. राजीखुशी म्हणालात तर उद्या कातडं तुमचंच ठरवतील. प्रेसची नोकरी, अशी केस. निवृत्तीला आलात."

वकील गेल्यावर मामा मागे राहिला. तो जमिनीवरच बसला होता. "ताई," तो म्हणाला, "मी चुकलो, लय चुकलो. पण मला आत नाय जायचं. तू एक शब्द बोल फक्त."

आईने त्याला जेवायला वाढलं. शब्द काही दिला नाही. रात्री पप्पांना विचारलं, "तुम्ही काय सांगणार?"

"झालं ते."

"आणि मी?"

"तुझं तू ठरव. मी तुला काही सांगणार नाही," पप्पा म्हणाले. "तू काहीही सांगितलंस तरी मी त्यावरून तुला कधी बोलणार नाही."

मला वाटलं होतं ते तिला समजावतील. चार गोष्टी सांगतील, खरेपणाचं वगैरे. मी असते तर नक्की सांगितल्या असत्या, मला तशी खोड आहे. त्यांनी दिवा मालवला.

कोर्टात मी मागच्या बाकावर बसले. माझं नाव साक्षीदारांत नव्हतं. आईला बाहेर थांबवलं होतं, कारण एका साक्षीदाराने दुसऱ्याचं ऐकायचं नसतं. पप्पा पिंजऱ्यात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणही लावलेलं. वकिलाने फिरवून फिरवून विचारलं, घाबरवलं का, दम दिला का, सही कशी घेतली. पप्पांचं उत्तर एकच, "नाही. त्यांनी विचारलं, आम्ही हो म्हणालो."

शेवटी मॅजिस्ट्रेट साहेबांनीच विचारलं, बहुधा कुतूहलाने, "तुम्ही थोडा वेळ मागू शकला असतात. का नाही मागितला?"

"साहेब, मी रोज झडती देतो," पप्पा म्हणाले. "त्या दिवशी नको म्हटलं असतं तर आधीच्या सगळ्या झडत्या फुकट गेल्या असत्या."

त्या माणसाची मी मुलगी आहे, हे मला उठून त्या सगळ्या कोर्टाला सांगावंसं वाटलं. अर्थात मी बसूनच राहिले, कोर्ट होतं ते.

मग आई आली. आत काय झालं ते तिला माहीत नव्हतं. तिने समोर बसलेल्या मामाकडे बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. वकील फार नरमाईने बोलला. "ताई, तुम्ही घरात होतात. खाकी कपड्यातली माणसं आली. तुम्ही घाबरलात आणि घाबरून हो म्हणालात, बरोबर?"

आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि तो मुठीत धरला. एका शब्दाचा प्रश्न होता. ती "हो" म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता, हे मी आजही म्हणते.

"नाही," आई म्हणाली. "घाबरले असते तर चहा टाकला असता का? मी त्यांच्या बाईची पिशवी बघितली, डबा होता आत. बाकीच्यांचे खिसे यांनी बघितले. हातात काही नव्हतं त्यांच्या. बघा म्हणाले ती मीच, आणि खिसे बघून मग आत घेतलं." थोडं थांबून तिने आपणहून पुढचं सांगितलं, जे तिला कुणी विचारलं नव्हतं. "गोधडी मी शिवलेली आहे. माझ्या भावासाठी."

वकील खाली बसला. मामाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. बाहेर आल्यावर सीबीएसच्या बसस्टँडवर आम्ही नाशिक रोडच्या बसची वाट बघत उभे होतो तेव्हा आईने पप्पांना विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?" पप्पा म्हणाले, "तेच." मग तिने आपली पिशवी पप्पांच्या हातात दिली. किती दिवसांनी दिली होती कोण जाणे. बसमध्ये ती खिडकीशी बसून सबंध वाटभर रडली आणि पप्पा ती पिशवी मांडीवर धरून बसले होते.

मामाला शिक्षा झाली. कायद्याने कमीत कमी होती तेवढीच झाली, पण झाली. आणि आमचं नशीब असं की नाशिकचा तुरुंग आमच्याच नाशिक रोडला. बाजारात जाताना त्याच्या भिंतीजवळून जावं लागायचं. आई तिथे आली की तोंड फिरवत नसे, उलट सावकाश चालायची. भेटीच्या दिवशी आम्ही जायचो, कधी चिवडा, कधी नुसतंच. दारात तिथेही झडती. पप्पा पुढे व्हायचे आणि सांगायच्या आत हात पसरायचे. तिथला शिपाई एकदा म्हणाला, "काका, तुम्हाला बरं माहीत सगळं." पप्पा म्हणाले, "आमची रोजची आहे." भाऊबीजेच्या सुमाराला आईने जाळीपलीकडूनच मामाला हवेत ओवाळलं, हातात ताट नसताना. मामा तिला म्हणाला, "ताई, तुझ्यावर राग नाय माझा." आई म्हणाली, "माझा आहे तुझ्यावर. सुटून ये, मग बघते."

कॉलनीत लोक बोलले, अगदी तोंडावर बोलले. सख्ख्या भावाला आत घातलं म्हणाले. पंच म्हणून आलेले ते दोन काका मात्र पप्पांच्या शेजारूनच कामावर जायचे, आणि गेटवर रांगेत त्यांना पुढे उभं करायचे. प्रेसमध्ये चौकशी झाली आणि मिटली. पप्पा निवृत्त झाले तेव्हा शेवटच्या दिवशी घरी येऊन त्यांनी दारात हात पसरले. मी नोकरीला लागले होते, लग्न ठरलं होतं, तरी पर्स बाजूला ठेवून, माझे हात आधी दाखवून, मी झडती घेतली. लिमलेटची गोळी मोज्यात होती.

मामा सुटला तो आधी सुरगाण्याला गेला. आमच्याकडे आला नाही. आई वाट बघायची पण बोलायची नाही. पाऊस गेला, दिवाळी झाली, मी माहेरपणाला आले होते. एका सकाळी रिक्षातून एक पोतं उतरलं आणि मागून मामा. केस पिकले होते. पूर्वी तो पोतं खांद्यावर घेऊन सरळ माळ्यावर चढायचा. या वेळी त्याने ते उंबऱ्याबाहेर ठेवलं, तोंडाची सुतळी सोडली, चार पावलं मागे सरकला आणि पप्पांसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"दाजी," तो म्हणाला, "आधी माझी घ्या. मग आत येतो."

पप्पा जागचे हलले नाहीत. त्यांनी आईकडे बघितलं. घर तिचंही होतं.

आई पुढे झाली. तिने आधी आपले दोन्ही तळहात भावासमोर धरले, पालथे, मग उताणे. मग बांगड्या मागे सारल्या, खाली बसली आणि कोपरापर्यंत हात पोत्यात घातला. सावकाश फिरवला, पार तळापर्यंत. मामा हात पसरूनच उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्याने हात खाली घेतला नाही.

आईचा हात बाहेर आला. मुठीत नुसती नागली होती.

"कर हात खाली," ती त्याला म्हणाली, आणि मला म्हणाली, "परात आण गं, भाकरी टाकते."